जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी हे वाचा

बिलोली : झेरॉक्सच्या दुकानात किंवा घरी विंडोज १० चा कॉम्प्युटर असेल तर लक्ष द्या. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट बंद केला. मशीन चालते, पण अपडेट नसेल तर त्यात ठेवलेले गिऱ्हाइकांचे आधार, पासबुक धोक्यात येते.

विंडोज ११ देखणे आहे. पण त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागते. बऱ्याच जुन्या मशीनला ते नसते.

दुसरा रस्ता लिनक्स मिंट. फुकट, दिसायला विंडोजसारखेच, मराठी टायपिंगही होते. मात्र टॅली त्यावर थेट चालत नाही. अंगठ्याचे मशीन चालते का, तेही तपासा. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते.

नुसत्या रूपावर जाऊ नका. रोजचे काम अडणार नाही तेच घ्या. बदलण्याआधी फायलींची कॉपी काढून ठेवा.