शिंक आली तर येऊ द्यावी
लेखमाला ‘शरीराचे हुकूम’ : भाग 6

गेल्या आठवड्यात आपण उचकीचं कोडं पाहिलं. आज तिची जोरकस बहीण.

कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली आणि सुक्या लाल मिरचीचे तुकडे पडले. ते जरासे काळपटले की पहिली शिंक ओट्यापाशी येते, मग बाहेरच्या खोलीत, आणि कुणीतरी ओरडतं, “अगं, खिडकी उघड!” धूर फारसा दिसतही नसतो. पण मिरचीतलं कॅप्सायसिन हवेत मिसळून नाकाच्या ओलसर अस्तरावर जाऊन बसलेलं असतं.

त्या अस्तरात ट्रायजेमिनल या चेतेची टोकं पसरलेली असतात. चेहऱ्यावरचा स्पर्श, वेदना, जळजळ मेंदूला कळवते ती हीच. 2021 साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना चक्क कॅप्सायसिनचा फवारा हुंगायला लावला. आपल्या फोडणीचाच प्रयोग म्हणा ना! नाकातल्या ठरावीक चेतापेशी न्यूरोमेडिन बी नावाचं पेप्टाइड सोडतात आणि मेंदूच्या देठातल्या काही पेशी तो निरोप झेलतात, असं त्यांना आढळलं. या झेलणाऱ्या पेशी काढून टाकल्या, तर उंदरांच्या शिंका खूपच कमी झाल्या.

हुकूम सुटला की छाती भरून श्वास आत येतो, कंठद्वार मिटतं, छाती-पोटाचे स्नायू आवळतात, आतला दाब चढतो आणि दार एकदम उघडतं. डोळे आपोआप मिटतात.

शिंकेचा वेग ताशी 160 किलोमीटर असतो, असं अजूनही सांगितलं जातं. 2013 साली सिंगापूरमध्ये प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो जास्तीत जास्त सेकंदाला साडेचार मीटर भरला, म्हणजे ताशी सुमारे 16 किलोमीटर. सायकलचा वेग! तरी माझं नवल काही ओसरलं नाही, कारण खरी गंमत पुढे आहे. मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिडिया बुरुइबा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने शिंका टिपल्या. तोंडातून लाळेचा पातळ पडदा निघतो, फुग्यासारखा फुगतो, फाटतो, त्याचे धागे होतात, धाग्यांवर मणी धरतात आणि मण्यांचे थेंब सुटतात. हे सगळं डोळ्यांचं पातं लवायच्या आत. बारीक थेंब उबदार, दमट हवेच्या ढगात तरंगत सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून रुमाल हवाच, नाहीतर निदान कोपराचा आडोसा.

आडोसा वेगळा आणि कोंडणं वेगळं. इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या 34 वर्षांच्या एका माणसाने नाक चिमटीत धरून, तोंड घट्ट मिटून शिंक दाबली. घसा आतून फाटला, हवा मानेच्या मांसात शिरली, मान सुजली. आठवडाभर नळीतून अन्न घ्यावं लागलं. ही हकिकत 2018 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. असं क्वचितच घडतं, पण दाब जातो कुठे हे त्यातून कळतं.

आपल्याकडे कुणी बाहेर निघताना घरातलं पोर शिंकलं की सगळे त्याच्याकडे डोळे वटारून बघतात. ते बिचारं पुढच्या वेळी शिंक गिळायला शिकतं. मला हे मनापासून खटकतं. त्याचं नाक आत शिरलेला कचरा बाहेर टाकत असतं, एवढंच. ‘अडवू नयेत’ अशा 13 वेगांची, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मींची, यादी चरकसंहितेत दिलेली आहे, आणि तिच्यात क्षवथु, म्हणजे शिंक, आहे. त्याच यादीत जृंभाही आहे, म्हणजे जांभई. तिच्याविषयी पुढच्या आठवड्यात.