‘छोटा आफ्रिकन कॅटफिश’ घेताय? आधी मिशा बघा!

हॉस्टेलची रूम असो नाहीतर घरातला कोपरा, दोन फुटांची काचेची टाकी आली की पुढचा हट्ट ठरलेला: गप्पी-मॉली झाले, आता काहीतरी हटके पाहिजे. मग तुम्ही दुकानात जाता. दुकानदार पिशवीत बोटाएवढं मिशावालं पिल्लू दाखवतो आणि म्हणतो, “घेऊन जाय भाऊ, आफ्रिकन कॅटफिश हाय. काई होत नाई त्याले, लय कडक मासा हाय!”

थांबा. पैसे काढण्याआधी एक मिनिट त्या पिल्लाकडे नीट बघा. ‘आफ्रिकन कॅटफिश’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे मासे विकले जाऊ शकतात. एक आहे सिनोडोंटिस. यातल्या लहान जाती दहा-बारा सेंटिमीटरवर थांबतात. दुसरा आफ्रिकन मांगूर, म्हणजे क्लॅरियस गॅरिपायनस. हा मीटरभराच्या वर जातो. पहिल्याचं छोटेपण जातीचं आहे, दुसऱ्याचं फक्त वयाचं!

ओळखायचं कसं?

पाठीकडे बघा. मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून निघून जवळजवळ शेपटीपर्यंत लांबच लांब जातो. सिनोडोंटिसचा पर आखूड, पुढे टोकदार काटा आणि मागे शेपटीआधी एक छोटा मांसल पर. मग मिशा मोजा. मांगुराला साध्या मिशांच्या चार जोड्या, तर सिनोडोंटिसला तीन, आणि त्यातल्या खालच्या मिशांना चक्क फांद्या फुटलेल्या. पांढरं-गुलाबी पिल्लू असेल तर जास्तच सावध राहा. मांगुराची रंगहीन पिल्लं शोभेचा मासा म्हणूनही विकली जातात.

सिनोडोंटिसमध्येही प्रकार आहेत. काँगो नदीच्या खोऱ्यातला सिनोडोंटिस निग्रिव्हेंट्रिस उलटा पोहतो, पोट वर आणि पाठ खाली. म्हणून त्याचं पोट पाठीपेक्षा गडद असतं. टांगानिका सरोवरातला ठिपकेवाला ल्युसिपिनिस तर 2006 पर्यंत स्वतःच्या नावाशिवायच ‘बुटका पेट्रिकोला’ म्हणून विकला जात होता. त्याच्या परांवरच्या काळ्या पट्ट्याच्या बुडाशी फिकट खिडकी दिसते, ही त्याची खूण.

खारं पाणी चालेल का?

आपल्या मूर्तिजापूरकरांचा हा हक्काचा प्रश्न. तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे घरोघरी माहीत आहे. टांगानिकाचं पाणीही जड आणि अल्कधर्मी, सामू नऊच्या आसपास. मग जमलं की! असं वाटेल, पण घाई नको. आपल्या पाण्यात मिठाचं प्रमाण जास्त आहे, टांगानिका मात्र गोड्या पाण्याचं सरोवर आहे. त्यामुळे आधी सामू, जडपणा आणि क्षार तपासा. उलट्या पोहणाऱ्या काँगोवाल्याला तर मऊ पाणी लागतं. त्याच्यासाठी पत्र्यावरून पहिले काही पाऊस वाहून गेल्यावर साठवलेलं स्वच्छ पाणी बरं.

दुसरी परीक्षा मे महिन्यात. या माशांना 24 ते 27 अंश मानवतात आणि आपल्याकडे पारा 45 गाठतो. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, त्यात लाइट गेली की हवेचा पंप बंद. टाकी खालच्या थंड खोलीत ठेवा आणि बॅटरीवर चालणारा पंप जवळ असू द्या.

पिल्लं काढायची असतील तर

सुरुवात ल्युसिपिनिसपासून करा. पाच-सहा जणांचा गट, लपायला दगडांच्या कपारी आणि एक मातीचं मडकं. मडक्यात एक वाटी, वाटीवर जाळी, जाळीवर गोट्या. अंडी फटींतून खाली पडतात आणि आईबापांच्या तोंडून वाचतात. हो, हे स्वतःचीच अंडी खातात! वाटी वेगळ्या टाकीत हलवली की साधारण दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पोटाची पिशवी संपली की त्यांना आर्टेमियाची ताजी पिल्लं द्या. जोडी एकाच जातीची आहे ना, हे मात्र आधी पक्कं करा. बाजारात संकरित सिनोडोंटिसही येतात.

याच कुळातल्या मल्टिपंक्टेटसची तऱ्हा तर कोकिळेची. तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिड माशांच्या अंड्यांत तो आपली अंडी मिसळतो. त्याची पिल्लं आधी बाहेर येतात आणि यजमानाचीच पिल्लं खातात. हे 1986 मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेतून जगासमोर आलं.

आणि चुकून मांगूरच घरी आला तर?

काही महिन्यांत तो टाकीतले बाकीचे मासे संपवेल. मग कुणीतरी सुचवेल, “सोडून दे ना उमा नदीत, बिचारा जगंल.” इथेच खरी चूक होते. मांगूर हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि दिसेल ते खातो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात तो शिरला आणि त्याला बाहेर काढायला मोहिमा राबवाव्या लागल्या. आपल्या देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. उमा पुढे पूर्णेला मिळते, आणि आपला देशी मांगूर आधीच जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे.

म्हणून तो नदी, तलाव, विहीर कुठेच सोडू नका. मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की किंमत नंतर विचारा, आधी पिशवी उजेडात धरा. पाठीवरचा पर आणि खालच्या मिशा बघायला एक मिनिट पुरतं.