माळ राखणारे गवत

दाट जंगलातली झाडे सावली आणि ओलावा धरून आपल्याच रोपांसाठी जागा तयार करतात. माळावर तेच काम गवत करते, हे मात्र सहसा कुणाला पटत नाही. पुणे, अहिल्यानगर, सोलापूरकडचे माळ म्हणजे तुटलेल्या जंगलाची उरलीसुरली जमीन, असा समज पक्का आहे. सरकारी नोंदींतही अशी पुष्कळ जमीन ‘पडीक’ म्हणून लागते. माझे म्हणणे उलट आहे. गवत स्वतःला हवी तशी परिस्थिती घडवते आणि तिच्या जोरावर झाडांना अडवून धरते.

कुसळी, पवना, मारवेल ही माळावरची गवते ‘सी-४’ गटातली. उष्णता वाढली की बहुतेक वनस्पतींमधले प्रकाशसंश्लेषणाचे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडू लागते आणि बरीच ऊर्जा वाया जाते. ही गवते पानाच्या आतल्या पेशींत कार्बन डायऑक्साइड आधी दाटवून घेतात, म्हणून कडक उन्हात आणि बेताच्या पाण्यातही ती झपाट्याने वाढतात. पण या दाटवण्यालाही ऊर्जा लागते आणि ती भरपूर ऊन असले तरच परवडते. वर सावली दाटली की गवत हटते. म्हणजे माळावरच्या गवताला दुष्काळापेक्षा झाडांच्या दाटीचे भय अधिक. पावसाळ्यात माजलेले हे गवत हिवाळ्यात वाळते आणि उन्हाळ्यापर्यंत वणव्याचे सरपण तयार असते. त्याचे स्वतःचे कोंब बुडाशी, जमिनीलगत असतात. आग किंवा गुरांचे दात वरची पाती नेतात, ठोंब वाचते. झाडाच्या रोपाचा शेंडा मात्र नेमका ज्वाळेच्या उंचीवर असतो. ते मुळापासून पुन्हा फुटते, पुन्हा जळते, आणि वर्षानुवर्षे झुडूपच राहते. कुसळीच्या बियांची तऱ्हा तर विलक्षण आहे. कुसळाचा पीळ ओलाव्याने उलगडतो, वाळला की पुन्हा वळतो आणि टोकदार बी मातीत रुतत जाते. काही सेंटिमीटर खाली वणव्याची धग फारशी पोचत नाही.

याचा मोठा पुरावा टांझानियातल्या सेरेंगेटीत मिळाला. १९६० च्या दशकात तिथला बुळकांडी हा गुरांचा रोग हटला आणि त्याला बळी पडणाऱ्या, गवत चरणाऱ्या विल्डबीस्ट प्राण्यांची संख्या काही लाखांवरून दहा लाखांच्या पुढे गेली. त्यांनी गवत खाऊन टाकले, सरपण घटले, वणवे कमी झाले आणि झाडे वाढू लागली. निव्वळ पाऊस आणि माती पाहून माळ कुठे आणि जंगल कुठे हे सांगता येत नाही, ते यामुळेच.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडचे वणवे माणूसच लावतो, तेव्हा माळही माणसानेच केलेला. आजचे बहुतेक वणवे माणसाचे आहेत, हे खरे. पण शिवालिकच्या जुन्या मातीतल्या कार्बनवरून दिसते की भारतीय उपखंडात सी-४ गवते सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा शेतीही नव्हती, कुऱ्हाडही नव्हती. आपल्या मुलखापुरते बोलायचे तर संशोधक आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातले वनस्पतींचे उल्लेख तपासले, आणि त्यांत विरळ झाडांच्या, गवताळ मुलखाच्या वनस्पतीच ठळकपणे पुढे आल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या काही उतारांवर जंगल तुटूनच गवत आले. तेही मान्य केले पाहिजे. म्हणून प्रत्येक जागा तिथल्या वनस्पती पाहून ठरवावी लागते. जुन्या गवताळ जागी कंदावर तग धरणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या आणि जगात इतरत्र न सापडणाऱ्या जाती असतात. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या अनेक जाती अशाच आहेत. नुकत्याच तुटलेल्या जंगलात असा संच थोड्या काळात जमत नाही.

राहिला कार्बनचा प्रश्न. झाडे लावली की हवेतला कार्बन साठतो, हे बरोबर. पण गवताळ जमिनीतला बहुतांश कार्बन मुळांत आणि मातीत असतो आणि वणव्याने तो सहसा जात नाही. तिथे गिरिपुष्पाच्या झाडांची रोपे लावण्यासाठी रांगेने खड्डे खणले की ही माती उकरली जाते, ठोंबे उपटली जातात आणि पुढे सावली पडून उरलेले गवतही विरते. धनगरांची मेंढरे, चिंकारा आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यातले पक्षी ज्या मोकळ्या माळावर जगतात, तो मोकळेपणाच त्या रोपांबरोबर संपतो.