बास्केटबॉलमधील बचाव : एकटा श्रेष्ठ खेळाडू आणि सांघिक आक्रमण

बचाव करणाऱ्या संघासमोरील मूळ प्रश्न मनुष्यबळाच्या वाटपाचा असतो. एका श्रेष्ठ खेळाडूवर दोघांना नेमले, की उरलेल्या चौघांना तिघांनीच सांभाळावे लागते. ही किंमत केव्हा परवडते, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक स्पर्धेच्या आधारे केला आहे.

३ एप्रिल १९८८ रोजी शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनने डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध ५९ गुण मिळविले. त्यानंतर प्रशिक्षक चक डेली यांच्या पिस्टन्सने अवलंबिलेली पद्धती ‘जॉर्डन नियम’ म्हणून ओळखली जाते. त्याला सोयीच्या बाजूने जाऊ न देणे, त्याच्यावर दुसरा बचावपटू धाडणे आणि तो बास्केटकडे झेपावल्यास अंगाला अंग भिडवून त्याला दमविणे, असे तिचे स्वरूप होते. (यातील शेवटचा भाग नियमांच्या अगदी सीमेवरचा होता, हे नमूद केले पाहिजे.) १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे पिस्टन्सने बुल्सला बाद फेरीत हरविले. या यशाचे मर्म, आमच्या मते, जॉर्डनला रोखण्यात नव्हते. मोकळ्या सुटणाऱ्या सहकाऱ्यांना त्या संधीचे सोने करता येत नव्हते, यात ते होते. १९८९ मध्ये फिल जॅक्सन बुल्सचे मुख्य प्रशिक्षक झाले, टेक्स विंटर यांची ‘त्रिकोणी आक्रमण’ पद्धती संघात रुजली आणि १९९१ मध्ये बुल्सने पिस्टन्सला ४-० असे नमविले. नियम तेच होते. चौघे बदलले होते.

२००४ च्या अंतिम मालिकेत पिस्टन्सनेच उलट मार्ग धरला. लॉस एंजेलिस लेकर्सच्या शकील ओनीलसमोर त्यांनी बहुधा एकच बचावपटू ठेवला. ओनीलने सामन्यागणिक सरासरी २६.६ गुण मिळविले. परंतु इतरांच्या वाटा बंद राहिल्या व पिस्टन्स ४-१ असे जिंकले.

आक्रमण खऱ्या अर्थाने सांघिक असेल, तर दुहेरी पहारा बचावाच्याच अंगाशी येतो. २०१४ मध्ये मायामी हीटच्या चेंडूवर तुटून पडणाऱ्या बचावाला सॅन अँटोनियो स्पर्सने जलद पासांनी निष्प्रभ करून मालिका ४-१ अशी जिंकली. अशा संघापुढे जागा न सोडणे आणि वेळेवर जागा बदलणे एवढेच हाती उरते.

२०१९ च्या अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात टोरंटो रॅप्टर्सने स्टीफन करीवर एक बचावपटू ठेवून उरलेल्या चौघांचा चौकोनी झोन रचला. गोल्डन स्टेट वॉरियर्सला त्यानंतर पाच मिनिटांहून अधिक काळ गुण मिळाले नाहीत. मात्र त्या वेळी केव्हिन ड्युरंट दुखापतीमुळे संघाबाहेर होता आणि क्ले थॉम्पसनही जायबंदी होऊन मैदान सोडून गेला होता. तो सामना तरीही वॉरियर्सनेच १०९-१०४ असा जिंकला. मालिका रॅप्टर्सने ४-२ अशी जिंकली.