दहा म्हणजे दहा काय?

ब्राउझर-चाचणीचा श्रीगणेशा : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण पानावरचा घटक शोधायला शिकलो. आज त्याची वाट पाहायला शिकू, आणि वाट पाहण्याच्या ओळीवरच कंपायलर का अडतो तेही पाहू.

उदाहरण ओळखीचं घेऊ. महाभूलेखवर सातबारा पाहताना जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी येते, तालुका निवडला की गावांची. तसाच एक छोटा फॉर्म सरावासाठी आपल्याच संगणकावर तयार करा. सरकारी संकेतस्थळावर मात्र स्क्रिप्ट चालवू नका. तिथे लोकांची कामं चालू असतात. आपल्या फॉर्ममध्ये भंडारा जिल्हा निवडल्यावर सातही तालुके दिसावेत. त्यातून तुमसर निवडल्यावर गावांची यादी यावी आणि तीत किल्ल्यासाठी ओळखलं जाणारं आंबागड असावं. ही गावांची यादी मुद्दाम २ सेकंद उशिरा भरू द्या.

आता जावातली सेलेनियम चाचणी चालवा. स्क्रिप्ट तुमसर निवडते आणि लगेच आंबागड शोधते. यादी अजून रिकामी असते, म्हणून चाचणी नापास होते. अशा वेळी पुष्कळ जण ‘थ्रेड डॉट स्लीप’ लिहून ५ सेकंद थांबतात. यादी २ सेकंदांत आली तर उरलेले ३ वाया जातात. नेट मंद असलं आणि ६ लागले तर चाचणी नापास ती नापासच. एक्स्प्लिसिट वेट मात्र एक अट आणि एक कमाल मुदत घेतो. अट पुरी झाली का, हे तो दर अर्ध्या सेकंदाला तपासतो. झाली की लगेच पुढे जातो. मुदत संपली तर टाइमआउट झाल्याचं सांगून थांबतो.

हा वेट लिहायला बसलात की जुन्या पुस्तकांतली ओळ हाती येते: वेबड्रायव्हरवेटच्या कंसात ‘ड्रायव्हर, १०’. सेलेनियम ४ ची आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिच्या आजच्या आवृत्त्यांत ही ओळ कंपाइल होत नाही. एक ड्रायव्हर आणि एक पूर्णांक घेणारा कन्स्ट्रक्टरच नाही, असं कंपायलर सांगतो. त्याला नुसता आकडा नको, ड्युरेशन हवं. म्हणून १० च्या जागी ‘ड्युरेशन डॉट ऑफसेकंड्स’ लिहून त्याच्या कंसात १० द्या.

हा बदल उगाच केलेला नाही. जुन्या रचनेत तिसरा आकडाही देता येत असे: ‘ड्रायव्हर, १०, ५००’. यातले १० सेकंद होते आणि ५०० मिलिसेकंद. एकाच कंसात दोन आकडे, दोन वेगळी एककं, आणि एककाचा उल्लेख कुठेच नाही! अदलाबदल झाली तरी कंपायलर गप्प बसे आणि चूक चाचणी चालताना कुठेतरी उगवे. २०१४ च्या जावा ८ मध्ये ‘जावा डॉट टाइम’ हे पॅकेज आलं, तेव्हापासून एकक प्रकारातच बांधण्याची सोय झाली. आज कंपायलर विचारतो तो प्रश्न रास्त आहे: दहा म्हणजे दहा काय?

ही दुरुस्ती करूनही लाल रेघ राहिली, तर तीन ठिकाणी पाहा.

पहिलं, इम्पोर्ट. एडिटर ड्युरेशन नावाचे एकाहून जास्त वर्ग सुचवतो. ‘जावाएक्स डॉट एक्सएमएल’मधला निवडला गेला, तर नाव जुळूनही प्रकार जुळत नाही. आपल्याला ‘जावा डॉट टाइम’मधलाच हवा.

दुसरं, उत्तराचा प्रकार. घटक दिसेपर्यंत थांबणारी अट वेबएलिमेंट परत देते. घटक नाहीसा होईपर्यंत थांबणारी अट बूलियन देते. बूलियन उत्तर वेबएलिमेंटच्या चलात भरू पाहाल तर कंपायलर अडवणारच.

तिसरं, आवृत्त्यांची सरमिसळ. एक जार सेलेनियम ३ चा आणि दुसरा ४ चा असेल, तर वेटला अट देणाऱ्या ‘अंटिल’च्या ओळीवर बुचकळ्यात टाकणाऱ्या तक्रारी येतात. मेव्हनच्या फाइलमध्ये सेलेनियमची एकच आवृत्ती ठेवा आणि हाताने जोडलेले जुने जार काढून टाका.

कोड कंपाइल झाला, तरी काम संपलं नाही. आपल्या फॉर्ममध्ये गावांची पेटी सुरुवातीपासूनच दिसते, फक्त आत गावं नसतात. ‘पेटी दिसेपर्यंत थांब’ अशी अट लिहिलीत तर ती पहिल्याच तपासणीत पुरी होईल आणि चाचणी पुन्हा रिकाम्या यादीत आंबागड शोधेल. म्हणून अट पेटीवर नको, ‘आंबागड’ या पर्यायावर हवी: तो पर्याय यादीत येईपर्यंत थांब, मग निवड. मुदतीचं एकक कंपायलर तपासतो. वाट कशाची पाहायची, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

या आठवड्यात एवढं करा: यादीचा उशीर २ वरून ८ सेकंदांवर न्या आणि चाचणी चालवा, मग १२ वर न्या. पहिल्या वेळी ती पास व्हायला हवी, दुसऱ्या वेळी टाइमआउट व्हायला हवी. तसं झालं नाही, तर मुदत वाढवण्याआधी अट पुन्हा वाचा. पुढच्या लेखांकात इम्प्लिसिट वेट घेऊ, आणि दोन्ही वेट एकाच चाचणीत का मिसळू नयेत तेही पाहू.