पालक ठरण्याआधीचा पासपोर्ट

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात, हॅडोज रोडवर शास्त्री भवन उभे आहे. 1708 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात पडलेल्या पाच खेड्यांपैकी नुंगंबाक्कम हे एक. आज तिथे सरकारी कार्यालयांची दाटी आहे. पासपोर्ट कार्यालयही अनेक वर्षे याच इमारतीत होते. अशा कार्यालयात येणाऱ्या अर्जांपैकी सर्वांत अवघड अर्ज दत्तक जाऊ घातलेल्या बालकाचा असतो. त्यात माता-पित्याच्या नावांसाठी रकाना असतो आणि नेमका तोच त्या क्षणी कायद्याने रिकामा असतो.

परदेशस्थ दांपत्याची तक्रार सहसा एकच असते. बालक आपल्या नावे निश्चित झाले, केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे (‘कारा’) ना हरकत पत्र आले. मग दत्तक आदेशापर्यंत पासपोर्ट का अडवता? ही तक्रार उतावळेपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. बालक वाढत असते आणि संस्थेत गेलेला प्रत्येक महिना त्याच्या बालपणातून वजा होतो.

तरीही आधी पासपोर्ट देण्याचा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. परदेशी दांपत्यांना इथे थेट दत्तक घेता येत नसे. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय त्यांना केवळ पालकत्व देई. मूल भारतीय पासपोर्टवर परदेशी जाई आणि खरे दत्तकविधान तिकडे होई. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, 1984 मध्ये, न्यायमूर्ती भगवती यांनी या व्यवहाराला शिस्त लावली व दोन वर्षांत दत्तकविधान पूर्ण करण्याची अट घातली. अट योग्यच होती. पण मूल सीमेपार गेल्यावर तिच्या पालनावर लक्ष ठेवण्याची आपली ताकद फारच तोकडी होती.

त्याची किंमत काय असू शकते, हे मुंबईच्या एका मुलीने दाखवून दिले. 1989 मध्ये ती अमेरिकेला गेली. तिच्या नागरिकत्वाची प्रक्रिया कोणीच पुरी केली नाही. दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा अमेरिकी कायदा फेब्रुवारी 2001 मध्ये अमलात आला, तेव्हा तिने अठरावे वर्ष ओलांडले होते. पुढे एका गुन्ह्यातील शिक्षेनंतर, 2008 मध्ये, तिला ‘परत’ भारतात पाठवण्यात आले. जो देश तिला आठवतही नव्हता, त्याचेच नागरिकत्व तिच्यापाशी उरले होते. (बालकाने ज्यावर सहीदेखील केली नाही, अशा कागदाचे इतके ओझे!)

दुसरा धडा खुद्द चेन्नईचा. गरीब वस्त्यांतून मुले पळवून, नाव बदलून, परदेशी दत्तक दिल्याचे प्रकरण 2005 मध्ये तिथे उघडकीस आले. जन्मदात्या आईला मूल हरवल्याचे माहीत होते, मात्र सरकारी दप्तरात ते ‘सोडून दिलेले’ होते. कागदोपत्री सारे जुळत असेल तर पासपोर्ट अधिकाऱ्याने तरी काय ओळखावे? तो तपासणीचा शेवटचा उंबरठा आहे, पहिला नव्हे.

म्हणून बाल न्याय कायदा, 2015 आणि त्याखालील नियमांचा क्रम मला पटतो: आधी दत्तक आदेश, मग पासपोर्ट व व्हिसा, मग बालकाचा अंतिम ताबा. आदेशाला वेळ लागला तर इच्छुक पालक बालकाला भारतातच दत्तकपूर्व संगोपनासाठी जवळ ठेवू शकतात. बहिणीचे वा भावाचे मूल हिंदू दत्तक कायद्याखाली घेणाऱ्या अनिवासी मराठी कुटुंबांनीही हे ध्यानी घ्यावे की, मूल परदेशी न्यायचे तर केवळ दत्तकपत्र पुरत नाही, ‘कारा’चे ना हरकत पत्र लागते.

खरी अडचण आहे ती आदेशाच्या विलंबात. कायद्याने दोन महिन्यांची मुदत घालून दिली आहे. सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार न्यायालयांकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला. प्रलंबित प्रकरणांच्या हस्तांतरणाला मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये अंतरिम स्थगिती दिली, हा गोंधळही त्यात मिसळला. निवडणूक, पूर, जमीन महसूल यांच्या फायलींखाली एका बालकाची फाइल दबते कशी, हे प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा पासपोर्टचा अर्ज आदेशापूर्वीच भरून, छायाचित्र व कागदपत्रे तपासून तयार ठेवावा; फक्त पासपोर्ट आदेशानंतर द्यावा. आणि दोन महिने ओलांडलेल्या दत्तक प्रकरणांची यादी दर सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर, महसुलाच्या फायलींच्या वर ठेवली जावी.