गोरोबांच्या चिखलात कॅमेरा कुठे ठेवायचा?

आषाढी जवळ आली की मोबाइलवर विठ्ठलाच्या नव्या गाण्यांची रीघ लागते. वरून ड्रोनने टिपलेली पालखी, संथ गतीत उधळला जाणारा बुक्का, डोळे भरून आलेला एखादा वारकरी आणि शेवटी कर कटावर ठेवलेली सावळी मूर्ती. बहुतेक व्हिडिओ एवढ्यावरच भागवतात. पण पंढरपूरच्या गोष्टी इतक्या उजळ नाहीत. महाद्वारापाशी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून ते गेले. मंदिराच्या आवारातलं तरटीचं झाड कान्होपात्रेची आठवण सांगतं. बिदरच्या बादशहाच्या माणसांच्या हाती पडायचं नाही म्हणून तिने विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला, अशी कथा आहे. कऱ्हाडची सखू खांबाला बांधलेली आहे. आणि तेरचे कुंभार गोरोबा काका नाम घेता घेता स्वतःचं मूल पायांखाली तुडवतात.

अंधाऱ्या कथेचं गाणं पडद्यावर कसं मांडायचं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने गोरोबांपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. दृश्यकथनाचा सगळ्यात अवघड प्रश्न तिथे उभा आहे. जे दाखवता येत नाही आणि लपवताही येत नाही, ते सांगायचं कसं?

संतचरित्रकार महिपतींनी 1762 साली 'भक्तविजय' पुरा केला. त्यातून आणि कीर्तनांतून ही कथा घराघरांत गेली. गोरोबांची बायको संती पाण्याला निघते, मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून नवऱ्याला सांगते. गोरोबा चिखल तुडवताहेत, तोंडी विठ्ठलाचं नाम आहे. मूल बापाकडे रांगत येतं. बापाला भान नाही. संती परतते तेव्हा सगळं आटोपलेलं असतं.

यातली पहिली गोष्ट नीट पाहा. मूल चिखलाकडे जात नाही, ते बापाकडे जातं. त्याला बोलावतो आहे तो बापाचा आवाज, म्हणजे गाणं. आणि बापाचे कान बंद करतं तेही गाणंच. एरवी व्हिडिओत गाणं प्रसंगाच्या सोबतीला असतं. इथे ते गुन्ह्यात सामील आहे. ही एक गोष्ट दिग्दर्शकाच्या लक्षात आली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

चिखल तुडवण्याची रीत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल. खडे वेचून भिजवलेल्या मातीत राख किंवा लीद मिसळतात आणि ती गोलात पसरतात. कुंभार कडेपासून सुरुवात करतो. टाच रोवत, एका पावलाला लागून दुसरं पाऊल टाकत तो गोल फिरत आत सरकतो. मध्यापर्यंत पोचला की पुन्हा कडेपासून. पाय दाराजवळ येतात, लांब जातात, पुन्हा येतात. या फेऱ्या प्रेक्षक मोजू शकतो. कॅमेरा जमिनीलगत, रांगत्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा आणि हलवूच नये. पहिल्या फेरीत मूल उंबऱ्याशी, दुसऱ्या फेरीत अंगणात. तिसऱ्या फेरीची वाट पाहताना प्रेक्षकाचा श्वास अडकतो. तिथे भराभर तुकडे जोडले तर ही मोजणीच संपते. नेमकी हीच चूक मला आजच्या भक्तिगीतांच्या व्हिडिओंत सर्वांत जास्त दिसते. गाण्याचा ठेका वाढला की दृश्यंही वाढत्या वेगाने कापली जातात आणि भीती पातळ होते.

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला शेवट आधीच माहीत असतो. त्याच्या पोटात खड्डा पडतो तो धक्क्याने नव्हे, माहितीने. काय होणार हे त्याला कळलेलं असतं आणि गोरोबांना ओरडून सांगता येत नाही. आल्फ्रेड हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण देऊन हेच सांगितलं होतं: प्रेक्षकाला बॉम्ब आधी दाखवा, मग टेबलावरच्या साध्या गप्पासुद्धा असह्य होतात. आपल्या कीर्तनकारांनी हे तंत्र कुणाकडून उसनं घेतलेलं नाही.

आता मृत्यू. बाजारात मिळणाऱ्या तसबिरींत सगळं एका चौकटीत असतं: डोळे आकाशाकडे लागलेले गोरोबा, चिखलातून डोकं वर काढलेलं मूल, मागे घागर घेतलेली संती. चित्राला वेळ नसतो, म्हणून आधीचं आणि नंतरचं त्याला एकाच जागी बसवावं लागतं. व्हिडिओपाशी वेळ आहे. तरी तो तसबिरीचीच नक्कल करतो, वर लाल रंग ओततो. मला हे पटत नाही. ते पायांखालचं मूल एकदा दिसलं की प्रेक्षक मान फिरवतो, आणि मान फिरवलेल्या माणसाला गोष्ट सांगता येत नाही.

फ्रिट्झ लांगने 1931 मध्ये 'एम' या जर्मन चित्रपटात लहान मुलीचा खून दाखवला तो न दाखवता. आई जेवणाचं ताट मांडून वाट पाहते, जिन्यातून हाका मारते. रिकामा जिना, रिकामी खुर्ची. मग गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. शिवाय खुनी एक धून शिट्टीवर वाजवतो, ग्रीगच्या 'पीर गिंट'मधली. पुढे ती नुसती ऐकू आली तरी अंगावर काटा येतो, आणि शेवटी एक आंधळा फुगेवाला त्या शिट्टीवरूनच त्याला ओळखतो. सूर आणि अपराध यांची अशी गाठ मारली की रक्ताची गरज उरत नाही. अगदी अलीकडचं उदाहरण 2018 मधल्या 'धिस इज अमेरिका' या व्हिडिओचं. हिरो मुराई दिग्दर्शक, गायक चाइल्डिश गॅम्बिनो. पुढे नाच चाललेला, डोळे त्या नाचावर खिळलेले, आणि मागे मोठ्या गोदामात हिंसाचार माजलेला. गोळी सुटते तेव्हा गाण्याची चालच तुटते. पुढे तल्लीनता आणि मागे संहार, ही चौकट तेरच्या अंगणातही आहे. फरक एवढाच की गोरोबांची तल्लीनता खरी आहे, दिखाऊ नाही. म्हणून ती जास्त भयंकर वाटते.

मराठी पडद्याचा पहिला प्रवासही पंढरपूरच्याच कथेपासून सुरू झाला. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुंडलिकही सुरुवातीला आईबापांना छळणारा मुलगा, म्हणजे कथा काळोखातूनच निघते. रामराव कीर्तिकरांच्या नाटकाचं ते चित्रीकरण होतं आणि कॅमेरा एका जागी रोवलेला होता. आज त्याला कुणी तंत्राची गरिबी म्हणेल. पण चोवीस वर्षांनी प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल जोडीने स्थिरपणाची ताकद काय असते ते दाखवलं. सुरुवातीलाच विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम डोळे मिटून गातो आणि कॅमेरा त्याला अजिबात त्रास देत नाही. मग तोच अभंग त्याचा हेवा करणारा सालोमालो नटवून, मुरडून, स्वतःचा म्हणून गातो. कुणी चोर म्हणायच्या आत चोरी आपल्या कानांनी पकडलेली असते. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती तुकोबांची बायको जिजाई. आजारी पोराच्या काळजीने पेटलेली, वहाण घेऊन देवळात शिरणारी. भक्ताच्या तल्लीनतेची किंमत घरात कोण मोजतं, हे गौरीबाईंनी त्या भूमिकेत असं उभं केलं की तुकोबांची भक्ती त्याने उणी होत नाही, उलट खरी वाटते.

गोरोबांची कथा मराठीपुरती राहिली नाही. कन्नडमध्ये 1974 साली हुणसूर कृष्णमूर्तींनी 'भक्त कुंबार' केला, राजकुमार गोरोबा झाले. तेलुगूत 1977 साली 'चक्रधारी' आला, त्यात अक्किनेनी नागेश्वर राव. आपल्याकडे अशोकजी परांजपे यांचं 'संत गोरा कुंभार' हे संगीत नाटक जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह रंगभूमीवर गाजलं. रंगमंचावर चिखल तुडवता येत नाही, तिथे आवाजालाच पाय व्हावं लागतं.

कथा पुढे जाते तशी आणखी काळी होते. रागाने काठी उचललेल्या नवऱ्याला संती विठ्ठलाची आण घालते: मला शिवू नका. वंश बुडेल म्हणून ती आपल्या धाकट्या बहिणीला, रामीला, सवत म्हणून घरात आणते. सासरा सांगतो, दोघींना सारखं वागवा. गोरोबा ते अक्षरशः पाळतात आणि दोघींपासून सारखेच लांब राहतात. एके रात्री ते झोपेत असताना बहिणी त्यांचे हात स्वतःच्या अंगावर ठेवून घेतात. शपथ मोडली म्हणून गोरोबा हात तोडून टाकतात. व्हिडिओवाल्यांना इथे तलवार, किंकाळी आणि पावसाची रात्र दाखवायचा मोह होतो. मी इथून झटकन पुढे जाईन. चाक थांबलेलं, त्यावर अर्धं उठलेलं मडकं, एवढं एक दृश्य. कथेत पुढे विठ्ठल कुंभाराचं रूप घेऊन गोरोबांच्या घरी राबायला येतो. तेव्हा तेच चाक फिरताना दाखवावं, मडक्यावर दुसऱ्या कुणाचे तरी हात, आणि चेहरा चौकटीबाहेर.

शेवट पंढरपुरात आहे. नामदेवांचं कीर्तन चाललेलं, सगळ्यांना हात वर करून टाळी वाजवायला सांगितलं जातं, गोरोबा थोटे हात वर करतात आणि त्यांना पंजे फुटतात. कीर्तनकाराला इथे एक उपरणं पुरतं: हात गुंडाळले की थोटे, उपरणं सुटलं की पंजे. त्याचं खरं साधन मात्र समोर बसलेलं असतं. तो श्रोत्यांना टाळी वाजवायला लावतो, आणि ज्या गर्दीत गोरोबा उभे आहेत ती गर्दी आपणच होतो. मोबाइलवर एकट्याने बघणाऱ्याला हे कसं द्यायचं? मला सुचतो तो उपाय आवाजाचा आहे. हात तुटले त्या क्षणापासून गाण्यातून टाळ, मृदंग, टाळी, सगळं काढून घ्यावं. नुसती वीणा आणि गळा. दीडदोन मिनिटं ऐकणाऱ्याला ठेका हवाहवासा वाटावा, त्याची बोटं मांडीवर आपसूक आपटावीत. मग नदीच्या वाळवंटात एक टाळी. मग दुसरी. हात परत आले हे डोळ्यांच्या आधी कानांना कळेल.

त्यानंतर मूल रांगत येतं, नाचणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांमधून. म्हणजे तीच चौकट: जमिनीलगतचा कॅमेरा, ठेका धरलेली पावलं आणि त्यांच्यामध्ये रांगणारं बाळ. कथाकारांनी हे जाणूनबुजून केलं की नाही, तो प्रश्न नाही. दृश्य त्यांनी तयार ठेवलेलं आहे. या वेळी पाय शेकड्यांनी आहेत, धोका शंभरपट आहे, आणि एकेक पाऊल बाजूला सरकत जातं. इथे कॅमेऱ्याने वर चढून ड्रोनमधून वाळवंट दाखवलं तर हातातली गोष्ट सांडली. मूल संतीपर्यंत पोचेपर्यंत उंची बदलायची नाही.

आणि संतीपाशी थांबायचं. सगळ्या कथेत मूल तिने गमावलं, शपथ तिने घातली, सवत तिने आणली, आणि चमत्कारानंतर सगळे गोरोबांचे हात बघत राहतात. तिला नवरा परत मिळाला, मूल परत मिळालं, पण चिखलापाशी उभी राहिलेली ती दुपार कुणी परत घेतलेली नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद ठेवणं सोपं आहे आणि खोटं आहे. ज्या गाण्याने मूल नेलं तेच गाणं भोवती गर्जतं आहे आणि तिने त्यात सूर मिसळावा अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. ती मिसळेल की नाही, हे दिग्दर्शकाने आणि गीतकाराने बसून ठरवायला हवं. माझं म्हणणं एवढंच की एक कडवं तिला द्यावं, तिच्या आवाजात, आणि ते गोरोबांच्या चालीत बांधू नये.